स्वतःच्या बागेवर बी ठेवायचं नाही

रब्हा नेमकं काय काम करते, हे तिच्या बापालाही धड सांगता यायचं नाही. कुणी विचारलं की बा अल्लाल म्हणायचे, "माणसं बसवते." ऐकणारा हसायचा. पण खरं सांगायचं तर काम तेवढंच होतं. अर्फूद शहरातल्या एका संस्थेत ती नोकरीला होती. संस्थेकडे कुठून कुठून निधी यायचा आणि तो कुठल्याच गावाच्या सगळ्या गरजांना पुरायचा नाही. मग गावाने आधी ठरवायचं, पहिलं काय करायचं. विहीर की शाळेची भिंत, रस्ता की दवाखान्याची खोली. ठरवायला माणसं जमली की भांडायची. त्यांनी भांडू नये, आणि भांडलीच तर भांडून का होईना एका जागी पोचावं, यासाठी रब्हाला धाडायचे.

आम्ही दोघी ऊलाद मेमून गावच्या. तिचं घर आणि माझं माहेर भिंतीला भिंत लागून. एका बाकावर बसून शिकलो. मी, यामना, गावातच दिली गेले. ती रशीदियाला वसतिगृहात राहून पुढं शिकली आणि तिथंच एका ट्रकवाल्याशी लग्न करून बसली. तो कामाला म्हणून स्पेनला गेला. आधी फोन यायचे, मग सणासुदीला यायचे, मग तेही थांबले. मूलबाळ नव्हतं. एके दिवशी ती एक पेटी आणि गुंडाळलेला गालिचा घेऊन बापाच्या दारात उभी राहिली. आई तोवर गेलेली होती. बा अल्लालनी काही विचारलं नाही. वरची खोली झाडून दिली आणि बागेत निघून गेले. त्या घरात महत्त्वाच्या गोष्टी अशाच न बोलता व्हायच्या.

एकदा मी तिच्यासोबत तिच्या कामावर गेले होते. रिसानीच्या पलीकडचं एक गाव. बायकांना पाण्याची टाकी हवी होती आणि गावच्या म्हाताऱ्या हाजला पाहुण्यांसाठी दिवाणखाना हवा होता. रब्हाने चटईवर चित्रं मांडली आणि प्रत्येकाच्या हातात खजुराच्या बिया दिल्या. जे आधी व्हावंसं वाटतं त्यावर बी ठेवायचं. हाजने सगळ्यांत आधी उठून आपल्या बिया दिवाणखान्यावर ठेवल्या आणि तिथंच उभा राहिला. मग काय, जो तो त्याच्या तोंडाकडं बघून तिथंच ठेवू लागला. रब्हाने मुकाट्याने सगळ्या बिया गोळा केल्या. म्हणाली, माझंच चुकलं, चटई नीट अंथरली नव्हती, पुन्हा करू. आणि हाजला विनंती केली की तुम्ही वडीलधारे, तोवर सगळ्यांचा चहा तुम्ही ओता. म्हातारा खूश. पाठ करून चहा ओतत बसला तोवर लोकांनी आपापल्या मनासारख्या बिया ठेवून घेतल्या. टाकी आली.

निघताना हाज तिला म्हणाला, "मला चहात गुंतवलंस होय गं?"

"तुमच्यासारखा फेस कुणाच्या चहाला येत नाही, हाज," ती म्हणाली. तो हसला. दिवाणखाना गेला तरी हसला. ही तिची हातोटी होती. हरलेल्या माणसाला ती रिकाम्या हाताने उठू द्यायची नाही.

आमच्या गावाचं पाणी डोंगराच्या पायथ्यापासून भुयारी पाटाने यायचं. पणज्यांच्या पणज्यांनी खणलेला पाट. तो गावापाशी उघड्यावर यायचा आणि तिथून आठ फडांतल्या खजुरीच्या बागांना पाळीपाळीने पाणी मिळायचं. मी लहान होते तेव्हा प्रत्येक फडात खजुरीखाली डाळिंबं, त्याखाली लसूणघास, कडेने बाकल्याच्या शेंगा असायच्या. मग पाऊस रुसला. पलीकडच्या माळावर बड्या लोकांनी खोल बोअर मारून कलिंगडं लावली. पाट दरवर्षी आटत गेला.

सगळ्यांत शेवटचा तो खालचा फड. बा अल्लालची बाग तिथं होती. पाणी शेवटी पोचायचं, पण माती अशी की त्यांच्या मजहूल खजुराला सबंध पंचक्रोशीत तोड नव्हती. लग्न ठरलं की लोक आधी त्यांच्याकडं खजूर सांगून ठेवायचे आणि मग काझीकडं जायचे, असं गमतीने म्हणत. त्यांचा धाकटा भाऊ जिलाली दुसऱ्या फडात. दोघांत बोलणं नव्हतं. बापाच्या वाटणीच्या वेळी घराच्या एका सामाईक दारावरून बिनसलं होतं. दार कधीच पडून गेलं, भाऊबंदकी तशीच उभी राहिली. ईदच्या नमाजाला दोघे वेगवेगळ्या रांगेत बसायचे. जिलालीच्या मुलीच्या लग्नात बा अल्लालनी खजुराची पाटी रब्हाच्या हाती पाठवली, निरोप मात्र पाठवला नाही.

अशात रब्हाच्याच संस्थेने आमचा उघडा पाट सिमेंटने बांधून द्यायचं कबूल केलं. पाणी वाळूत जिरणार नाही, जेवढं येतं तेवढं पोचेल. पण जेवढं येत होतं ते तीन फडांना पुरेल इतकंच होतं. कुठले तीन, ते गावाने ठरवायचं. बाकीच्या फडांचं काय होणार, हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

पाळ्यांचा हिशेब ठेवणारा आमचा शेख मुख्तार. त्याने दोनदा गावकी बसवली. पहिल्या वेळी शिवीगाळ झाली. दुसऱ्या वेळी कुणीतरी वहाण फेकून मारली, ती नेमकी मुख्तारच्याच पगडीला लागली. तिसऱ्या दिवशी तो रब्हाच्या दाराशी आला.

रब्हाने नाही म्हटलं. म्हणाली, संस्थेतून दुसरं कुणी पाठवते, माझ्या बापाचा फड त्यात आहे.

"बाहेरचा माणूस आणला तर म्हणतील विकला गेला," मुख्तार म्हणाला. "तू चुकलीस तर निदान घरी येऊन तुला शिव्या तरी देता येतील. बस बाई एकदा."

ती बापाकडं वळली. बा अल्लाल अंगणात खजुरीच्या झापांची पाटी विणत होते. मान वर न करता म्हणाले, "साऱ्या जगाला बसवतेस, आम्ही काय पाप केलं?"

गावात लगेच कुजबूज सुरू झाली की आता खालच्या फडाचं काम झालं, न्याय घरातच आहे. ते तिच्या कानावर आलं असणार. तिने ते मला कधी बोलून दाखवलं नाही.

तिची एकच अट होती. ज्या बायकांच्या नावे वाटा आहे, त्यांनीही बसायचं. माझा बापाकडून आलेला वाटा तिसऱ्या फडात होता, त्याच फडात तीन विधवांच्या बागा होत्या. पुरुष कुरकुरले. कुणी म्हणालं, बायका बसल्या की बैठक मावळतीपर्यंत चालणार.

"तुमच्या दोन बैठका नुसत्या पुरुषांच्या होत्या, काका," रब्हा म्हणाली. "लवकर संपल्या, हे मात्र खरं."

पहिल्या दिवशी तिने आम्हांला बसवलंच नाही. सगळ्यांना चालवत पाटाच्या मुखाशी नेलं. तोवर जो तो म्हणत होता की वरचा चोरतो, म्हणून खाली येत नाही. मुखाशी जाऊन पाहिलं तर पाणी घोटाही भिजवत नव्हतं. रब्हाने एका म्हाताऱ्याला विचारलं, तुमच्या लहानपणी कुठवर होतं. त्याने कमरेला हात लावला आणि तो हात तसाच ठेवून उभा राहिला. चोर नव्हताच. असता तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी जुन्या मदरशाच्या खोलीत वाळू पसरून तिने आमच्याकडूनच फड मांडून घेतले. पाट म्हणून दोरी, बांध म्हणून काटक्या. ती स्वतः कशालाच हात लावत नव्हती. मग प्रत्येकाला तीन बिया. "ठेवा," ती म्हणाली, आणि आम्ही ठेवल्या. प्रत्येकाने आपापल्या फडावर. आठही फडांवर ढीग. मुख्तार म्हणाला, "झालं. सगळेच जिंकलो, चला जेवायला." खोली हसली. रब्हाही हसली.

मग तिने त्या बिया उचलून विचारलं की बागा बाजूला ठेवा, फड राखायचा तर कशावरून राखायचा ते आधी बोला. त्यावर दुपार गेली. कुणी म्हणालं झाडांचं वय बघा, कुणी म्हणालं अंतर बघा, लांब नेताना पाणी वाटेतच उडतं. सादिया नावाची एक विधवा, जी जन्मात कधी चार माणसांत बोलली नव्हती, ती म्हणाली, "ज्या बागेवर आजही कुणाचं ताट अवलंबून आहे, ती आधी." ते सगळ्यांना पटलं. अंतर आणि ताट, या दोन गोष्टी ठरल्या. ठरल्या तेव्हा मी बा अल्लालकडं पाहिलं. खालचा फड सगळ्यांत लांब. तिथली बहुतेक पोरं कासाब्लांकाला नोकऱ्यांत. म्हातारा वाळूतल्या दोरीच्या टोकाकडं बघत होता. त्याला आमच्या आधी कळलं होतं.

"आता पुन्हा ठेवू," रब्हा म्हणाली. "एकच नियम. स्वतःच्या बागेवर बी ठेवायचं नाही."

थोडा गलका झाला. मग ज्यांच्याकडं तक्रार करायला जागा होती तेच आधी गप्प झाले, कारण नियम सगळ्यांना सारखा होता. एकेक जण उठू लागला. बा अल्लालची वेळ आली तसे ते गुडघ्यावर हात देऊन उठले. पहिलं बी त्यांनी आमच्या तिसऱ्या फडावर ठेवलं, विधवांच्या. मग दुसऱ्या फडापाशी गेले आणि उरलेल्या दोन्ही तिथं ठेवल्या. जिलालीच्या फडावर. शेजारी शेजारी, नीट.

त्यांच्यानंतर जिलाली उठला. तो खालच्या फडापाशी बराच वेळ उभा राहिला. हात पुढं गेला होता, मी पाहिलं. मग तो मागे घेतला आणि ठरलेल्या दोन गोष्टींना धरून त्याने आपल्या बिया तिसऱ्या आणि पाचव्या फडावर ठेवल्या. नियमाप्रमाणे बरोबरच केलं त्याने.

दुसरा, तिसरा आणि पाचवा फड राहिले. पहिला फड मुखाच्या अगदी जवळ, पण त्याचे मालक सगळे शहरात. तो गेला आणि त्या मालकांनी पुढे महिनाभर फोनवरून आरडाओरडा केला. खालच्या फडावर बोटांवर मोजण्याइतक्या बिया होत्या. हे सगळं रब्हाने वाचून दाखवलं. आवाज जराही हलला नाही. शेवटी प्रत्येक गावात विचारायची तेच तिने विचारलं, कुणाच्या मनात सल राहिली असेल तर आत्ता बोलावं, घरी घेऊन जाऊ नये.

मग बा अल्लाल म्हणाले, "सल आहे. पण बोट दाखवायला जागा नाही."

रब्हाने मान हलवली, जशी कुणाही गावकऱ्यापुढे हलवली असती. आणि वाळू झाडून गोळा करायला लागली.

गवंडी आले तेव्हा सोडलेल्या फडांची पाण्याची दारं कायमची बंद करायची होती. बा अल्लाल म्हणाले की माझं दार मी बंद करीन. पाळी संपली की जसं करायचे तसंच, फावड्याने चिखल ओढून त्यांनी दार बुजवलं, पायाने दाबलं आणि बाजूला झाले. गवंड्याने त्यावर सिमेंट थापलं. त्या दिवसापासून ते खालच्या फडाकडं फिरकले नाहीत. दुपारचं जेवण आयुष्यभर बागेत करणारा माणूस घरी जेवू लागला. रब्हा म्हणायची, त्यांना घरात कुठं बसावं तेच कळत नाही.

मग एका संध्याकाळी जिलाली त्यांच्या उंबऱ्यावर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी तेव्हा तिथंच होते, रब्हाला कणीक मळून देत होते. जिलाली इकडचं तिकडचं काही बोलला नाही. म्हणाला, माझ्या पाळीतलं अर्धं पाणी तू घे. दार फोडू, मी स्वतः फोडतो. मग तो रब्हाकडं वळला. "तू सांग. पाणी माझं आहे ना? मी माझ्या भावाला देतोय."

रब्हाच्या हातात चहाची किटली होती. ती तिने खाली ठेवली.

"पाणी तुमचं आहे, काका. पण तीन फडांबाहेर न्यायचं नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय. आज तुम्ही दार फोडलंत तर उद्या पाचव्या फडातला कुणी त्याच्या मेव्हण्याचं फोडेल. मग पाट कुणाचाच राहायचा नाही."

"तुझा बाप आहे तो."

"हो."

जिलाली उसळला. "पोर नाही, दगड जन्माला घातलास तू," तो भावाला म्हणाला. भावाशी इतक्या वर्षांनंतर उच्चारलेल्या पहिल्या शब्दांत हेही होते.

बा अल्लाल म्हणाले, "तिला कशाला बोलतोस? तिच्या जागी मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं. मला फक्त वेळ लागला असता." मग म्हणाले, "चहा घे. थंड होतोय."

जिलालीने चहा घेतला. मी रब्हाच्या मागून आत गेले तर ती धुतलेले पेले पुन्हा धूत होती. मी हात धरला तर म्हणाली, "सोड, यामना. बाहेर पाहुणा आहे."

पाणी भावाकडं नेता येईना, तेव्हा जिलालीने भावालाच पाण्याकडं नेलं. वसंतात फळ धरावं म्हणून खजुरीला नर फुलोरा बांधायची वेळ आली तसा तो सकाळी दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, माझे गुडघे गेलेत, झाडावर कोण चढणार? गुडघे त्याचे ठणठणीत होते. बा अल्लालनी दोर घेतला आणि गेले. तेव्हापासून दोघे भाऊ दुसऱ्या फडात एकत्र दिसायचे. लोकांना वाटलं, चला, गोड झालं. मलाही वाटलं. पण एकदा मी बांधावरून जाताना पाहिलं. बा अल्लाल दारं धरत होते, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत होते आणि प्रत्येक वेळी फावडं मारण्याआधी जिलालीकडं बघत होते, सोडू का म्हणून. सगळ्या पंचक्रोशीला खजूर शिकवणारा माणूस.

खालचा फड मरायला लागला. आधी झापा राखाडी झाल्या, मग शेंडे माना टाकून खाली आले. नुसते बुंधे उभे राहिले. पश्चिमेच्या वाऱ्याने वाळू भिंतीपर्यंत आणि मग भिंतीवरून आत आली. रब्हाचा अर्फूदचा रस्ता तिथूनच जायचा. टॅक्सीत ती नेहमी खिडकीकडून बसायची, आणि मी सोबत असले की पाहायचे, तिकडून जाताना ती तोंड फिरवायची नाही. बघत राहायची.

तिसऱ्या हिवाळ्यात बा अल्लालना छातीचं दुखणं लागलं. रशीदियाला नेलं, परत आणलं. रब्हाने कामावरून रजा घेतली. ती त्यांना पेज भरवायची, अंग पुसायची, हवापाण्याचं बोलायची. शेवटपर्यंत दोघांनी त्या बैठकीचा विषय काढला नाही. एका पहाटे ते गेले. झोपेतच.

अंघोळ जिलालीने घातली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आम्ही बायका शेजारच्या खोलीत होतो आणि मध्ये नुसता पडदा. पाणी ओतता ओतता तो थांबला आणि बरोबरच्या माणसाला म्हणाला, "त्याने दोन ठेवल्या होत्या रे. मी एकही नाही. हात नेला होता मी. नेला होता." मग तो हुंदके देऊ लागला आणि म्हातारा माणूस रडतो तसा, थांबता न येता, रडत राहिला. रब्हा माझ्या शेजारी बसली होती. तिने पडदा जरा ओढून घेतला, त्याला कुणी पाहू नये म्हणून.

चाळिसावा दिवस झाल्यावर एकदा तिने आपणहून तोंड उघडलं. आम्ही गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. म्हणाली, "त्या दोन बिया त्यांनी का ठेवल्या असतील? न्याय वाटला म्हणून? भावासाठी? की मी समोर उभी होते, मला खाली बघायला लागू नये म्हणून?" मी म्हटलं, कदाचित तिन्ही असेल. ती म्हणाली, "गावोगाव जाऊन लोकांना विचारते, मनात काय आहे ते बोला, घरी नेऊ नका. बा तर माझ्याच घरात होते, यामना. तीन वर्षं जेवायला समोर बसायचे." ओल्या चादरीचं एक टोक मी धरलं, दुसरं तिने, आणि आम्ही ती पिळली.

ती कामावर परत गेली. सोडेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तिला दुसरं काही येत नव्हतं आणि हे एक काम फार चांगलं येत होतं. बोलणं मात्र कमी झालं. पूर्वी हरलेल्याला हसवून उठवायची, आता नुसती त्याच्याजवळ जाऊन बसते म्हणतात. पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

गेल्या साली पाट आणखी उतरला. तीन फडांचे दोन करायचे होते. मुख्तार आता थकलाय, त्याच्या मुलाने गावकी बोलावली आणि रब्हाला बसवलं. या वेळी एकच दिवस लागला. कुणी ओरडलं नाही, कुणी वहाण फेकली नाही. आम्हां लोकांना हरायचं कसं ते समजलेलं होतं. मुखापाशी जाऊन आलो, कशावरून ठरवायचं ते बोललो, उठलो, ठेवल्या. सादिया विधवा आदल्या वर्षीच मुलाकडं मेकनेसला गेली होती, बाकीच्या दोघींच्याही बागा ओस पडल्या होत्या. तिसरा फड गेला. माझा.

रब्हाने विचारलं, कुणाच्या मनात सल आहे का. मी तिच्याकडं पाहिलं आणि नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडं आली. तिला अर्फूदला जायचं होतं, बाहेर टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता. तिने त्याला हाताने जा म्हणून सांगितलं. माझ्यापुढं बागेतून काढून आणलेल्या बाकल्याच्या शेंगांचा ढीग होता, होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या मी तोडून आणल्या होत्या. ती चप्पल काढून चटईवर बसली, अर्धा ढीग स्वतःकडं ओढला आणि सोलायला लागली.